वडिलांना आयसीडी बसवायचं का? सहाव्या आठवड्यात घाई का नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. सहा आठवड्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. परवाच्या टू-डी इकोत ईएफ (प्रत्येक ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २८ टक्के आला. चक्कर नाही, बेशुद्धी नाही. घरात व्यवस्थित चालतात, जिना चढताना दम लागतो. डॉक्टरांनी आयसीडी (छातीत बसवायचं, गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारं यंत्र) सुचवलं आणि ‘रिस्क नको, याच आठवड्यात करून टाका’ असं सांगितलं. घरात दोन तट पडले आहेत. काय करावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. याच आठवड्यात बसवू नका, पण विषय बंदही करू नका. अँजिओप्लास्टीपासून ९० दिवस पूर्ण होऊ द्या. तेवढ्या काळात हृदयाची औषधं सोसतील तितक्या जास्त मात्रेपर्यंत न्या. मग इको नीट मोजून घ्या. तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला, तर तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझं मत बसवण्याकडे झुकतं.

पुष्कळ घरांत आयसीडी म्हणजे ‘भारीतला पेसमेकर’ असा समज असतो. पेसमेकर मंद हृदयाला ठोका देतो. आयसीडीचं मुख्य काम उलट आहे: हृदयाच्या खालच्या कप्प्यातून अचानक सुटणारी जीवघेणी वेगवान लय ओळखायची आणि मोडायची. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, साधारण ७० ग्रॅमचं यंत्र बसतं आणि त्याची तार शिरेतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात जाते. ठोके ठरवलेल्या मर्यादेपुढे गेले की यंत्र आधी त्या लयीपेक्षा किंचित जास्त वेगाने सात-आठ ठोके देऊन ती तोडायचा प्रयत्न करतं. हे बहुधा रुग्णाला कळतही नाही. त्याने भागलं नाही, किंवा लय पूर्णच विस्कळित असली, तर सात ते दहा सेकंदांत चार्ज होऊन ३५ ते ४० ज्यूलचा शॉक देतं. पेसमेकरचं कामही ते करू शकतं, पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते दुय्यम आहे.

आयसीडीने ईएफ वाढत नाही. दम कमी होत नाही, पायांची सूज उतरत नाही, दुसरा अटॅक टळत नाही. ‘एवढे पैसे घातले, तरी बाबांना जिन्यावर धाप लागतेच’ ही तक्रार ऑपरेशननंतर हमखास येते, कारण आधी हे कुणी स्पष्ट सांगितलेलं नसतं. हे यंत्र फक्त एका प्रकारच्या मृत्यूपासून वाचवतं: लय बिघडून येणाऱ्या अचानक मृत्यूपासून. हृदय हळूहळू थकून, मूत्रपिंडं बंद पडून, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगाने येणारा मृत्यू त्याच्या कक्षेबाहेर आहे. निर्णयाची सगळी मेख इथे आहे.

आयसीडी दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत सुचवलं जातं. एकात माणसाचं हृदय आधीच एकदा बंद पडून, छाती दाबून आणि शॉक देऊन परत आणलेलं असतं, किंवा घातक वेगवान लय ईसीजीवर पकडलेली असते. त्यामागे तात्पुरतं कारण नसेल, तर तिथे महिनोन्महिने विचार करत बसू नये. शक्यतो यंत्र बसवूनच घरी जावं. (तात्पुरतं कारण म्हणजे अटॅकच्या पहिल्या ४८ तासांतली लय, किंवा पोटॅशियमचा मोठा बिघाड.) दुसऱ्या परिस्थितीत अजून काहीच घडलेलं नसतं, फक्त हृदय कमजोर असल्याने पुढे घडण्याची शक्यता असते. तुमचे वडील या दुसऱ्या गटात आहेत. इथे घाई करण्यासारखं काही नसतं, आणि अटॅकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर घाईचा उपयोग नाही हे तपासूनही झालेलं आहे.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिनामिट’ अभ्यासात ६७४ रुग्ण होते, सगळे अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांतले आणि ईएफ ३५ किंवा कमी असलेले. निम्म्यांना आयसीडी बसवलं. लय बिघडून होणारे मृत्यू खरंच कमी झाले, पण इतर कारणांचे मृत्यू तितकेच वाढले आणि एकूण हिशेबात फायदा शून्य निघाला. २००९ च्या ‘आयरिस’ अभ्यासातही तेच दिसलं. याचं कारण असं की या काळातले पुष्कळ अचानक मृत्यू नव्या अडथळ्यामुळे किंवा हृदयाची भिंत फाटल्यामुळे होतात. तिथे शॉक देऊन काही साधत नाही.

दुसरं कारण जास्त आशेचं आहे. अटॅकमध्ये रक्त न मिळालेल्या स्नायूचा एक भाग मरतो, पण त्याच्या आजूबाजूचा बराच भाग नुसता बधिर होऊन बसतो. रक्तपुरवठा परत सुरू झाला आणि औषधांचा आधार मिळाला की हा बधिर भाग पुढच्या आठवड्यांत हळूहळू काम करू लागतो. म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत अटॅकनंतर निदान ४० दिवस, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर ९० दिवस आणि पूर्ण औषधांवर निदान तीन महिने, अशी वाट पाहायला सांगितलेली आहे. तुमचे ४० दिवस झाले, ९० झालेले नाहीत. आज २८ दिसणारा ईएफ तेव्हा ३८ झाला, तर वडिलांच्या छातीत जन्मभराचं यंत्र ठेवण्याचं कारणच उरत नाही.

मात्र वाट पाहायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. खरी मेहनत याच काळात आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हेळसांडही इथेच होते. कमजोर हृदयाला आज चार गटांची औषधं लागतात. पहिलं बीटा ब्लॉकर: मेटोप्रोलॉल सक्सिनेट, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. दुसरं सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टन, ते झेपत नसेल तर रामिप्रिलसारखं औषध. तिसरं स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चौथं डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, जे वडिलांच्या मधुमेहालाही उपयोगी आहे. चिठ्ठीवर ही चारही आहेत का ते बघा. आणि नुसती नावं बघू नका, मात्रा बघा. मेटोप्रोलॉल २५ आणि सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टन ५० वर सुरू करून सहा महिने तिथेच अडकलेल्या चिठ्ठ्या ढिगाने दिसतात. ज्या मात्रांवर फायदा सिद्ध झाला त्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम, बिसोप्रोलॉलसाठी १०, आणि सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टनसाठी २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशा आहेत. प्रत्येकाला तिथपर्यंत जाता येत नाही. रक्तदाब घसरतो, नाडी पन्नाशीखाली जाते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) चढतं. पण दर दोन आठवड्यांनी एक पायरी चढवून बघायला हवं, आणि प्रत्येक पायरीनंतर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला हवं. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नका. ‘डॉक्टर, हे आणखी वाढवता येईल का?’ एवढंच प्रत्येक भेटीत विचारा. यातल्या बहुतेक औषधांच्या जेनेरिक गोळ्या आता मिळतात, त्यामुळे खर्चाचं कारण पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

या ९० दिवसांत काही झालं तर काय, ही भीती खरी आहे आणि ती उडवून लावायची नाही. अंगावर घालायचं शॉकचं जाकीट असतं. २०१८ च्या ‘व्हेस्ट’ अभ्यासात २,३०२ रुग्णांवर ते तपासलं, पण लयीने होणारे मृत्यू ठामपणे कमी झाल्याचं दिसलं नाही, बहुधा लोक ते दिवसभर अंगावर ठेवत नाहीत म्हणून. त्यापेक्षा घरातल्या दोघांनी छातीदाबन शिकून घ्या: छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, आणि त्याआधी १०८ ला फोन. या काळात एकदा जरी वडील अचानक बेशुद्ध पडले, किंवा होल्टरवर (दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीवर) घातक लय दिसली, तर वर सांगितलेली वाट पाहण्याची भाषा रद्द. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, कारण मग ते पहिल्या गटात जाऊ शकतात. जुलाब-उलट्या झाल्या तर अंगावर काढू नका. पोटॅशियम घसरलं की कमजोर हृदयात लय बिघडायला वेळ लागत नाही.

आता इकोबद्दल, कारण लाखोंचा निर्णय या एका आकड्यावर उभा राहतो. आपल्याकडच्या कित्येक रिपोर्टांत ईएफ नजरेच्या अंदाजाने लिहिलेला असतो: २५, ३०, ३५, ४०, सगळे पाचाच्या पटीत. एकाच माणसाच्या एकाच दिवशीच्या दोन इकोंत पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. ३३ आणि ३८ मधला फरक हृदयातला असू शकतो किंवा बघणाऱ्याच्या डोळ्यातला. म्हणून ९० दिवसांनंतरच्या इकोला जाताना सांगा की आयसीडीचा निर्णय घ्यायचा आहे, ईएफ सिम्पसन पद्धतीने मोजून रिपोर्टमध्ये तसं लिहा. यात दोन वेगवेगळ्या कोनांतून कप्प्याची आतली कड आखून आकारमान काढतात, वेळ थोडा जास्त लागतो. शक्य तर आधीचा इको जिथे झाला तिथेच करा. नाडी १२० असताना किंवा ठोके अनियमित असताना काढलेल्या आकड्यावर विसंबू नका. चित्र धूसर असेल तर कार्डियाक एमआरआय जास्त भरवशाचा, आणि त्यात व्रण (अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूचा डाग) किती आहे हेही कळतं.

समजा नीट मोजूनही ईएफ ३५ खाली राहिला. मग फायदा किती? २००५ चा ‘एससीडी-हेफ्ट’ अभ्यास इथे सगळ्यात उपयोगाचा आहे. २,५२१ रुग्ण, ईएफ ३५ किंवा कमी, दम लागणारे पण हिंडते-फिरते. पाच वर्षांत यंत्र नसलेल्या गटातले शंभरातले ३६ जण गेले, यंत्र असलेल्यांतले २९. म्हणजे शंभर जणांना बसवल्यावर पाच वर्षांत सात जीव जास्तीचे वाचले. २९ जण यंत्र असूनही गेले आणि ६४ जण यंत्र नसतं तरी जगलेच असते. वडील या सातांत असतील का, हे आज कोणीही सांगू शकत नाही. सात हा आकडा काहींना फार मोठा वाटतो, काहींना फार लहान. दोन्ही वाटणं योग्यच आहे. तो वडिलांपुढे ठेवा आणि त्यांना ठरवू द्या. त्याच अभ्यासात अमिओडॅरोन या लय सांभाळणाऱ्या गोळीने आयुष्य वाढलं नाही, तेव्हा ‘यंत्राऐवजी गोळी’ हा पर्याय म्हणून कुणी सुचवला तर तो बरोबरीचा नाही हे लक्षात ठेवा. शिवाय हे आकडे जुन्या औषधांच्या काळातले आहेत. आजच्या चारही औषधांवर अचानक मृत्यूचा धोका तेव्हापेक्षा कमी आहे.

अटॅकचा व्रण असलेल्या हृदयात फायदा जास्त पक्का आहे. २००२ च्या ‘मॅडिट-२’ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या, ईएफ ३० किंवा कमी असलेल्यांत सरासरी २० महिन्यांतच मृत्यू १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आले. व्रणाच्या कडेला जिवंत आणि मेलेले धागे गुंतलेले असतात आणि वीज तिथे गोल गोल फिरते. ती वाट शॉकने मोडते. अटॅकशिवाय कमजोर झालेल्या हृदयाचं चित्र इतकं स्पष्ट नाही. २०१६ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात अशा १,११६ रुग्णांत अचानक मृत्यू निम्म्यावर आले, तरी एकूण मृत्यूंत ठाम फरक पडला नाही. तरुण रुग्णांना मात्र फायदा दिसला. वडिलांना अटॅकच आलेला आहे, म्हणून माझं मत बसवण्याकडे झुकतं.

कोणाला नको? वर्षभरापेक्षा जास्त चांगलं आयुष्य अपेक्षित नसेल, तर नको. बिछान्यात पडल्या पडल्याही दम लागतो आणि हृदय बदलणं किंवा कृत्रिम पंप बसवणं हा पर्यायही नाही, अशांना नको. पसरलेला कर्करोग, मोठा स्मृतिभ्रंश, डायलिसिसवर असलेला थकलेला ऐंशीचा माणूस, इथे यंत्र मृत्यूची वेळ बदलण्यापेक्षा त्याचा प्रकार बदलतं. झोपेत शांतपणे जाऊ शकणारा माणूस त्या जागी महिनोन्महिने धापा टाकतो. हे कठोर वाटेल, पण नातेवाईकांनी विचार करायला हवा तो याचाच. ६४ वर्षांचे, हिंडते-फिरते वडील या गटात मोडत नाहीत. मात्र मधुमेह जुना आहे, म्हणून क्रिएटिनिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आधी बघून ठेवा. साखर सुटलेली असेल तर जखमेत जंतू जाण्याचा धोका वाढतो.

यंत्राचा प्रकार ठरवताना आधी साधा ईसीजी काढून क्यूआरएसची (खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ दाखवणाऱ्या लाटेची) रुंदी विचारा. ती १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल आणि डाव्या शाखेचा ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणाऱ्या वाटेतला अडथळा) असेल, तर सीआरटी-डी नावाचं जास्तीच्या तारेचं यंत्र लागतं. ते शॉकही देतं आणि दोन्ही बाजू एकत्र आकुंचन करवून ईएफ आणि दम दोन्ही सुधारू शकतं. उलट क्यूआरएस १३० पेक्षा अरुंद असताना सीआरटी-डी सुचवलं तर थांबा आणि कारण विचारा. २०१३ च्या ‘इको-सीआरटी’ अभ्यासात अशा रुग्णांत फायदा झाला नाही, मृत्यू वाढले. तुमच्या वडिलांना नाडी मंद असल्याचा काही त्रास नाही, तेव्हा एका कक्षाचं, एकाच तारेचं आयसीडी पुरतं. दोन तारांचं ‘जास्त चांगलं’ असतं हा गैरसमज आहे. प्रत्येक जास्तीची तार म्हणजे जास्तीची सुटण्याची, तुटण्याची, जंतू धरण्याची शक्यता. कातडीखालचं आयसीडी हा आणखी एक प्रकार. त्याची तार हृदयात जात नाही, छातीच्या हाडाशेजारी राहते. तरुणांना आणि शिरा खराब असलेल्यांना ते चांगलं, पण ते वेगवान ठोके देऊन लय तोडू शकत नाही. व्रणाच्या हृदयात ती सोय मोलाची असते.

ऑपरेशन तेवढी जागा सुन्न करून आणि थोडी गुंगी देऊन होतं, तासा-दीड तासात आटोपतं, एक-दोन रात्री रुग्णालयात राहावं लागतं. शंभरात एखाद्याला फुप्फुसाला छिद्र पडून हवा साचते, एक-दोघांची तार जागेवरून हलते, एखाद-दुसऱ्याच्या यंत्राच्या खिशात (कातडीखाली यंत्र ठेवलेल्या जागेत) जंतू जातात. वडिलांचा स्टेंट ताजा असल्याने ते अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर घेत असणार. त्यामुळे खिशात रक्त साचण्याची शक्यता वाढते. पण म्हणून या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून, अगदी दाताच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनही, हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत. स्टेंट बंद पडणं खिशातल्या गाठीपेक्षा कैक पटीने वाईट. थांबण्याचं हेही एक कारण आहे.

घरी आल्यावर एक गोष्ट जपा. खिशाची जागा फुगली, लाल झाली, पाझरू लागली, तर गल्लीतल्या दवाखान्यात सुई टोचून पाणी काढू देऊ नका. आत असतं ते बहुधा साचलेलं रक्त असतं, आणि सुईबरोबर बाहेरचे जंतू थेट यंत्रावर जातात. परस्पर अँटिबायोटिकचा कोर्सही घेऊ नका, त्याने वरवर बरं दिसतं आणि आत जंतू दडून राहतात. यंत्राला खरंच जंतू लागले, तर गोळ्यांनी भागत नाही. यंत्र आणि तार दोन्ही काढावी लागतात, आणि वर्षानुवर्षं शिरेला चिकटलेली तार काढणं हे मूळ ऑपरेशनपेक्षा कितीतरी जोखमीचं असतं. जखम सात ते दहा दिवस कोरडी ठेवा. डावा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नका, पण अगदी बांधूनही ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो.

मग प्रोग्रॅमिंग. हे नातेवाईकांनी सहसा विचारलेलं नसतं आणि विचारायलाच हवं. यंत्र कोणत्या वेगापासून शॉक देईल आणि किती वेळ वाट पाहील, हे संगणकावरून ठरवतात. २०१२ च्या ‘मॅडिट-आरआयटी’ अभ्यासात १,५०० रुग्ण होते. मर्यादा २०० ठोक्यांवर ठेवली किंवा यंत्राला जास्त थांबायला लावलं, तर चुकीचे उपचार खूप घटले आणि मृत्यूही कमी झाले. तेव्हा वडिलांसारख्यांत १५० किंवा १६० वर शॉक लावलेला दिसला तर कारण विचारा. नाहीतर जिना चढताना वाढलेल्या नाडीलाच शॉक बसायचा. पेसमेकरची खालची मर्यादा ४० वर असावी. विनाकारण ७० वर ठेवून सतत उजव्या कप्प्यातून ठोके दिले तर कमजोर हृदय आणखी थकतं.

चुकीचा शॉक बसण्याची कारणं ठरावीक आहेत: वरच्या कप्प्याची अनियमित लय, तापात किंवा धावपळीत वाढलेली नाडी, तुटलेली तार आणि बाहेरची वीज. यातलं शेवटचं आपल्याकडे विशेष महत्त्वाचं. शेतातली मोटर, ओल्या भिंतीवरचं गिझर, अर्थिंग नसलेलं वॉशिंग मशीन, यांतून शरीरात झिरपणारा करंट हाताला मुंग्यांइतकाच जाणवतो. पण तो सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने यंत्राला तो अतिवेगवान हृदयासारखा दिसतो आणि ठणठणीत माणसाला शॉक बसतो. बसवण्याआधी घरातलं आणि विहिरीवरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, ३० मिलिअ‍ॅम्पिअरचं गळती-रोधक स्विच लावा, आणि ओल्या हाताने मोटर सुरू करायचं काम वडिलांकडून काढून घ्या. इंडक्शन शेगडीपासून हातभरापेक्षा जास्त, साधारण ६० सेंटीमीटर लांब राहावं. मोबाइल डाव्या खिशात नको, निदान १५ सेंटीमीटर अंतर हवं. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह नीट असतील तर चालतात. पुढे एमआरआय लागू शकतो, म्हणून यंत्र आणि तार दोन्ही एमआरआय-सुरक्षित जोडीची आहेत ना, ते विकत घेण्याआधीच विचारा.

शॉक छातीत जोरदार लाथ बसल्यासारखा लागतो. एक शॉक बसला आणि लगेच बरं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून यंत्र तपासून घ्या. शॉकनंतरही घाम, दम, छातीत दुखणं, ग्लानी असेल, किंवा दिवसात दुसरा शॉक बसला, तर १०८ बोलवा. त्या क्षणी वडिलांना हात लागला तर दुसऱ्याला फार तर झिणझिणी जाणवेल, इजा होत नाही. शॉकच्या धास्तीने काही जण चालणं, प्रवास, शरीरसंबंध सगळं सोडून देतात. ही भीती आधीच बोलून घ्या आणि गरज पडली तर समुपदेशन घ्या.

वडील चारचाकी चालवतात का? खबरदारी म्हणून बसवलेल्या आयसीडीनंतर खासगी गाडी एखाद्या आठवड्याने, जखम भरल्यावर चालवता येते. योग्य शॉक बसला तर काही महिने नाही. ट्रक, एसटी, टेम्पो असं पोटापाण्याचं वाहन मात्र आयसीडीसह चालवू नये अशीच शिफारस आहे. ज्याचं घर स्टिअरिंगवर चालतं त्याच्यासाठी हा मुद्दा ईएफइतकाच मोठा आहे आणि तो ऑपरेशननंतर कळता कामा नये.

पैशांचं. यंत्र, तार आणि ऑपरेशन मिळून खर्च लाखांत जातो, सीआरटी-डीचा आणखी बराच जास्त. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं टिकते, नंतर यंत्र बदलण्याचा खर्च पुन्हा येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. पण पेसमेकर बसत असला म्हणून आयसीडी त्यातच बसेल असं गृहीत धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) ‘पेसमेकर नाही, आयसीडी’ असं स्पष्ट सांगून मंजुरी लेखी घ्या आणि मगच भरती व्हा. खासगी विम्यातही आधीच पत्र घ्या. घरी जाताना यंत्राचं आणि तारेचं क्रमांक असलेलं स्टिकर आणि ओळखपत्र मागून घ्या. तपासणी पहिल्या काही आठवड्यांत, मग साधारण दर सहा महिन्यांनी. तुमच्या गावाजवळ त्या कंपनीचं यंत्र तपासणारी सोय कुठे आहे, हे कंपनी निवडताना विचारा. स्वस्तातलं यंत्र तपासायला दरवेळी दीडशे किलोमीटर जावं लागलं तर तपासण्या चुकतात.

आणखी एक गोष्ट वडील बरे असतानाच बोलून ठेवा. पुढे कधी आजार शेवटच्या टप्प्यावर गेला, तर शॉक देणारा भाग संगणकावरून बंद करता येतो. त्याला ऑपरेशन लागत नाही, वेदना होत नाहीत आणि बंद केल्याने त्या क्षणी मृत्यू येत नाही. हे कुणी आधी ठरवलेलं नसेल, तर मरणासन्न माणसाला पुन्हा पुन्हा शॉक बसत राहतात. दहनाआधीही यंत्र बंद करून काढावं लागतं, चितेत किंवा विद्युतदाहिनीत बॅटरी फुटते. घरातल्या एका तरी माणसाला हे ठाऊक असू द्या.

आता ९० व्या दिवसानंतर. इकोत ईएफ ४० च्या वर आला, तर आयसीडीचा विषय संपला, औषधं मात्र आहेत तशीच चालू ठेवायची. ईएफ सुधारला म्हणून ती बंद केली तर तो पुन्हा घसरतो. ३० च्या आसपास किंवा खाली राहिला, औषधं पूर्ण चढलेली असली आणि वडिलांची तयारी असली, तर महिनाभरात बसवून घ्या, उगाच आणखी सहा महिने ढकलू नका. आणि आकडा ३४ ते ३८ अशा काठावर आला, तर तेवढ्यावर निकाल लावू नका. औषधांची मात्रा वाढायला वाव राहिलाय का बघा, होल्टर लावून वेगवान ठोक्यांच्या छोट्या माळा येतात का बघा. अशा माळा दिसल्या तर विद्युत-तपासणी (शिरेतून हृदयात तारा नेऊन लयीची तपासणी) करून घ्या, एमआरआयमध्ये व्रण किती आहे ते बघा आणि तीन महिन्यांनी तिथेच, त्याच पद्धतीने इको पुन्हा करा.